वेणीपुरता हात

गणपतीच्या आधी माझा उजवा हात खांद्यात धरला. पुढे जेमतेम छातीपर्यंत जायचा, मागे कमरेपर्यंतही नाही. भाकरी थापता यायची, धुणं धुता यायचं, कोणावर बोट रोखून बोलताही यायचं. फक्त डोक्याच्या वर काही जमत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि खांदा आखडलाय म्हणाले. वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटेल, तोवर रोज भिंतीवर बोटं चढवत जा. वर्ष-दीड वर्ष हे ते अशा सुरात म्हणाले, की जणू मी बसस्टँडवर उभी आहे आणि मागची गाडी रिकामी येते आहे.

मला थांबायचं नव्हतं. मला माझी वेणी माझ्या हातानं घालायची होती.

एक्कावन्न वर्षांच्या बाईनं वेणीसाठी एवढं रडावं का, असं कोणाला वाटेल. वाटू द्या. आमच्या घरात द्राक्षबाग यांची, ट्रॅक्टर यांचा, हवामानाचा अंदाज यांचा. कमरेखाली येणारे केस तेवढे माझे. पहाटे चूल पेटवायच्या आधी पाच मिनिटं मी ओट्यापाशी स्टुलावर बसून वेणी घालायची, आणि त्या पाच मिनिटांत मला कोणी हाक मारलेली चालायची नाही. नवऱ्याचं नाव मी अजून घेत नाही, म्हणून इथंही त्यांना 'हे'च म्हणते.

हात धरल्यावर पहिले चार दिवस शेजारच्या घरातली थोरली जाऊ येऊन वेणी घालून गेली. तिचा हात जड आणि तोंड त्याहून जड. प्रत्येक पेडाला गावातलं एकेक घर घ्यायची, आणि घर जितकं बदनाम तितका पेड जास्त आवळायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "कापून टाक गं. या वयात कोणाला दाखवायचेत?" मालेगावला दिलेली माझी मुलगीसुद्धा फोनवर तेच म्हणाली, फक्त गोड आवाजात. मी चिडून घड विरळायची कात्री काढून ओट्यावर ठेवली.

हे दारात बूट काढत होते. त्यांनी कात्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कापायचे नाय."

"मग काय करू? झिंज्या घेऊन फिरू?"

"कापायला ही काय छाटणी हाय का?" असं म्हणून ते मोरीत गेले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. "बस."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्या केसांना हात लावलेला मला आठवत नव्हता. जेवणात केस सापडला तर तो ताटाबाहेर टाकण्यापुरता काय तो संबंध. पण ट्रॅक्टर यायच्या आधी आमच्याकडे बैलजोडी होती, आणि पोळ्याला बैलांच्या तोंडावर बांधायच्या म्होरक्या हे स्वतः वळायचे. तीन पेडी, चार पेडी, मध्ये रंगीत सूत. बैल विकले तसे ते हात थांबले होते. आता ते एकदम चालू झाले. माझ्या डोक्याला असा काही ताण बसला की भुवया वर गेल्या आणि दिवसभर मला सगळ्यांचं नवल वाटत असल्यासारखं दिसत राहिलं. वेणीच्या टोकाला रबर सापडेना, तर यांनी खिशातली सुतळी काढली आणि बागेत वेलाची काडी तारेला बांधतात तशी गाठ मारली. ती गाठ ओढून सुटत नाही. रात्री कात्रीनं कापावी लागली.

तिसऱ्या दिवशी यांनी माळ्यावरून बैलांचा लाल गोंडा शोधून आणला. मी ओरडले. गोंडा परत माळ्यावर गेला, पण यांचा चेहरा पडला.

दरम्यान भिंतीवर बोटं चढवणं चालू होतं. ओट्याशेजारच्या भिंतीला तोंड करून उभी राहायची आणि मुंगीसारखी दोन बोटं चालवत वर न्यायची. जिथं कळ येईल तिथं थांबायची. हे शेजारी पेन्सिल घेऊन उभे. बागेत नवीन फुटीची वाढ मोजायला जी पट्टी वापरतात तीच आणून ते भिंतीवर रेघ मारायचे आणि बाजूला तारीख. पंधरा दिवसांच्या पंधरा रेघा एकमेकींवर इतक्या दाटीनं बसल्या की शेवटी ते म्हणाले, "वाढ खुंटली हाय."

मग देवळ्याच्या माझ्या मामेबहिणीचा फोन आला. तिची पाठ नाशिकला कोणी सुया टोचून बरी केली होती. अ‍ॅक्युपंक्चर हा शब्द ती तीन प्रकारे बोलली आणि तिन्ही प्रकारे तो मला भीतीदायक वाटला. जाऊनं लगेच सांगितलं की सुई कोणाच्या हातात सरळ देऊ नये, खाली ठेवून द्यावी, नाहीतर भांडण होतं. इथं तर अंगातच देणार. म्हणजे किती भांडण होईल याचा तिनं विचार केला आणि तिला बरं वाटलेलं दिसलं.

दसऱ्याच्या आसपास बागेची छाटणी उरकली आणि आम्ही बसनं नाशिकला गेलो. सीबीएसला उतरून रिक्षा केली. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर दवाखाना. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. मऊ आवाज, पांढरा कोट, पायात घरच्या सपाता. खोलीत अंधुक दिवा आणि कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज.

हे आत शिरताच थबकले. "पाणी चाललंय कुठंतरी."

"ते म्युझिक आहे काका. मन शांत होतं."

यांचं मन शांत होईना. यांनी मोरी बघितली, खिडकीतून खाली बघितलं, पडद्यामागे हात घालून बघितला. शेवटी डॉक्टरीण बाईंनी कपाटावरचा डबीएवढा स्पीकर काढून दाखवला आणि बंद केला. तेव्हा कुठं हे बसले. आमच्याकडे पाणी वाहिल्याचा आवाज आला की व्हॉल्व्ह बंद करायला पळायचं असतं, त्या आवाजात झोपायचं नसतं.

"काकू, तुम्ही या खाटेवर आडव्या व्हा," बाई म्हणाल्या.

"ती नाय," हे उठून शर्टाची बटणं काढायला लागले. "आधी मी."

"तुम्हाला काय त्रास आहे काका?"

"काय नाय. ट्रायल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"आमी नवं औषध सगळ्या बागेवर एकदम मारत नाय," यांनी समजावलं. "आधी एका ओळीवर मारायचं. आठ दिवस बघायचं. पानं करपली नाय, तर मग बाकीच्या बागंला."

"म्हणजे तुम्ही ओळ?"

"मी कडेची ओळ."

द्राक्षवाल्याच्या घरात राहिलेल्या बाईला हे शब्द कळतात. ट्रायल कायम कडेच्या ओळीवर घेतात, कारण ती गेली तरी बागेला झळ लागत नाही. मला एवढा राग आला की काय सांगू. स्वतःला कडेची ओळ म्हणणारा माणूस आणि त्याच्यासमोर मी खांदा धरून बसलेली. पण परक्या पोरीसमोर नवऱ्याशी भांडता येत नाही, आणि हे तोवर पालथे पडलेही होते.

बाई गुणी. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काही दुखत नसेल तर मी सुया लावत नाही. आधी तपासते." त्यांनी यांची जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, खायचं-प्यायचं विचारलं. यांनी सगळं बागेच्या सल्लागाराला सांगतात तसं सांगितलं, पाण्याच्या पाळीसकट. मग बाईंनी यांच्या कमरेवर दोन अंगठे ठेवून दाबले.

जो आवाज आला तो मी अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. खालच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस जिना चढून विचारायला आला.

"काका, किती दिवसांपासून आहे हे?"

हे उशीत तोंड खुपसून काहीतरी बोलले. "वर्षं?" बाईंनी विचारलं. "दहा?"

बाईंनी सुया लावल्या. केसाएवढ्या बारीक, कमरेला चार, गुडघ्यांच्या मागे दोन, घोट्यांपाशी दोन. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा हे घोरत होते. पायातल्या सुया घोरण्याच्या तालात थरथरत होत्या. बाईंनी घड्याळ पाहिलं, सुया काढल्या, दोनदा हाका मारल्या. हे उठेनात. मग बाईंनी मला चहा दिला. मला नंबर लावून आणलं होतं, दुखत होतं मला, आणि मी खुर्चीवर बसून नवऱ्याचं घोरणं ऐकत डाव्या हातानं चहा पीत होते.

जागे झाल्यावर हे उठले, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या बांधल्या. एवढंच केलं. पण मी बघत राहिले. कित्येक वर्षं हे पायरीवर, क्रेटवर, मिळेल त्या उंचवट्यावर पाय ठेवून नाड्या बांधायचे. मला वाटायचं ऐट आहे. पुढाऱ्यासारखा एक पाय वर ठेवून उभं राहायची हौस. मी त्यावरून चिडवलेलंही होतं, पाहुण्यांसमोर.

बसमध्ये मी विचारलं, "दहा वर्षं दुखत होतं?"

"औषधाचा पंप पाठीवर घ्यायचो ना. तेव्हाचं हाय."

"सांगितलं का नाही?"

"तुला काय कमी कामं होती?"

दिंडोरी रोडला लागेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या, आणि दोन्हींसाठी बस ही काही जागा नव्हती.

पुढचे आठ दिवस हे ट्रायलवर होते. सकाळी उठून हात, पाय, पोट उजेडात धरून बघायचे, कुठं डाग पडलाय का. छोट्या डायरीत नोंद करायचे. दिवस दुसरा, डाग नाही. दिवस तिसरा, भूक वाढली. दिवस पाचवा, नाड्या खाली वाकून बांधल्या. जाऊ रोज संध्याकाळी बघायला यायची, बिस्किटाचा पुडा घेऊन, आजारी माणसाला बघायला येतात तशी. "करपले नायत अजून," असं म्हणून ती जरा हिरमुसून परत जायची.

नवव्या दिवशी रिझल्ट चांगला म्हणून जाहीर झाला आणि माझा नंबर लागला.

यावेळी यांनी कागदावर माझा नकाशा काढून आणला होता. मुंडकं नव्हतं, कारण तिथं काही दुखत नव्हतं. उजव्या खांद्यावर फुली. "डाव्या अंगाला एकबी सुई लावू नका," हे बाईंना म्हणाले. "ती बाजू बिनऔषधाची ठेवा. म्हणजे फरक कळंल."

"पण काका, उजव्या खांद्यासाठी मी डाव्या पायालाच लावणार आहे. नडगीवर."

मला वाटलं आता हे माझा हात धरून जिना उतरणार. दुखणं वर उजवीकडे आणि सुई खाली डावीकडे. मी स्वतः चप्पल शोधायला लागले होते. यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आणि मग यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"बरोबर हाय," ते मलाच समजवायला लागले. "आपण घडावर पाणी मारतो का? ठिबक कुठं असतं? मुळापाशी. अन् घड कुठं असतो? वर, दुसऱ्या टोकाला." मग बाईंकडे वळून, "लावा. पण उजव्या पायाला नका लावू. तो आपला राखीव."

सुई लागली तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं, मग नडगीतून काहीतरी जड, बोथट पावलापर्यंत उतरत गेलं. बाई म्हणाल्या, सुई तशीच राहू द्या आणि हात हळूहळू वर न्या. भिंत समोर होती. मी बोटं चालवली. रोजची कळ यायची तिथं ती आली नाही. ती चार बोटं वर आली.

"थांब!" यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बाईंच्या नुकत्याच रंगवलेल्या मोतिया भिंतीवर ठसठशीत रेघ मारली. बाजूला तारीख घातली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी मेल्याहून मेले झाले, पण खोटं कशाला बोलू, त्या रेघेकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून ओट्याशेजारच्या कॅलेंडरवर दोन आकडे पडायला लागले. आमच्याकडे छाटणीपासून दिवस मोजतात. कोणाला विचारलं बाग कशी आहे, तर तो दिवस सांगतो, आज बाविसावा, आज तिसावा. त्यावरून बाकीच्यांना कळतं की बाग पोंग्यात, म्हणजे नुकती फुटते आहे, की फुलोऱ्यात. यांनी बागेचा आकडा निळ्या पेननं आणि खांद्याचा लाल पेननं लिहायला सुरुवात केली. शेजारचे बागाईतदार फोनवर विचारायचे, "बाग कितवा?" हे सांगायचे, "सव्विसावा. अन् खांदा सोळावा." एकानं तर विचारलं म्हणे, की खांद्याला फुटवा कसा आहे.

आठवड्यातून दोनदा आम्ही नाशिकला जायचो. शेजारी शेजारी दोन खाटा, एकीवर मी, एकीवर ट्रायल. हो, यांची ट्रायल संपलीच नव्हती. मी नडगीत सुई घेऊन हात वरखाली करायचे आणि हे घोरायचे.

आणि रोज पहाटे वेणी.

मला आधी फक्त लाज वाटायची आणि घाई व्हायची. मग एके दिवशी हे मागून बोलायला लागले. आम्ही नवरा-बायको बोलायचो ते समोरासमोर, ताट वाढताना. औषध आणलं का, मजूर किती आले, ढग आहेत का. आता यांना माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला यांचं, तर यांना वेगळंच काही सुचायला लागलं. पहिला पेड घेताना म्हणाले, पोरीला सासरी लावून दिली त्या दिवशी मी मोटारीच्या खोलीत जाऊन बसलो होतो, मोटार चालू करून, म्हणजे आवाज जाऊ नये. मला वाटत होतं ते पाणी सोडायला गेलेत. आणखी एकदा म्हणाले, तुला बघायला आलो होतो ना, तेव्हा तू चहा ठेवून लगेच वळलीस. तोंड दिसलंच नाय. वेणी दिसली. घरी जाऊन विचारलं सगळ्यांनी, कशी हाय पोरगी, तर मी म्हनलो, लांब हाय.

मी हसले तर म्हणाले, "हलू नको. पेड सुटतो."

मी पहाटेची वाट बघायला लागले. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अंथरुणात, डोळे उघडायच्या आधी.

खांदा अडतिसावा आणि बाग अठ्ठेचाळिसावा असताना मी दुपारी एकटी घरात होते. ओली हळद किसून लोणचं घालत होते. सहज मनात आलं म्हणून भिंतीला बोटं लावली. बोटं चालली. सगळ्या रेघा मागे पडल्या. कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर, जिथं आमच्याकडे कोणी कधी जाळीही झाडली नाही, तिथपर्यंत हात सरळ गेला आणि कुठेही काही अडलं नाही. मी खुळ्यासारखी एकटीच ओरडले. मग स्टुलावर बसले, केस सोडले, दोन्ही हात मागे नेले आणि वेणी घातली. माझी वेणी. सैल, माझ्या सवयीची, भुवया जागेवर ठेवणारी.

तीन महिने याच गोष्टीसाठी जीव टाकत होते. आणि आता ती पाठीवर पडलेली वेणी चाचपताना मला ती नकोशी झाली. कारण उद्या पहाटे मला कोणी 'बस' म्हणणार नव्हतं.

मी वेणी सोडली. हे आले तेव्हा मी हात छातीशी धरून होते.

सुयांनी सुटला की आपोआप सुटायचा होता तो सुटला, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं सोंग घेतलं. पहाटे भिंतीवर बोटं नेताना जुन्या रेघेच्या किंचित वर थांबायचं आणि "आई गं" म्हणायचं. हे तिथं रेघ मारायचे. फार चटकन वाढ दाखवायची नाही, फार कमीही नाही. मी मनात हिशेब करून रोज अर्धं बोट देत होते.

त्याच सुमारास यांनी कॅलेंडर उचलून नवीन खिळा मारून वर टांगलं. इतकं वर, की तारखा वाचायला मान मोडायची. आकडे लिहायला हे रोज स्टुलावर चढायचे.

"असं का लावलं?" मी विचारलं.

"तिथं बरं दिसतं," हे म्हणाले. मला वाटलं पाठ बरी झाल्यावर माणसाला चढायची हौस आली असेल.

दवाखान्यात मात्र सोंग टिकेना. बाईंनी हात धरून वर नेला, मागे नेला, गोल फिरवला. "काकू, पूर्ण मोकळा झालाय की! काकांना उठवू का?"

हे शेजारच्या खाटेवर घोरत होते. मी बाईंच्या कोटाची बाही धरली, उजव्या हातानं. "त्यांना काही बोलू नका."

"अहो पण का?"

मी सांगितलं. पहाटेचं, वेणीचं, मोटारीच्या खोलीचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी कागदावर खोटं लिहू शकत नाही काकू."

"लिहू नका की. नुसतं बोलू नका."

बाईंनी मला सुया लावल्या नाहीत, आणि यांच्या पाठीसाठी पुढची वेळ मात्र दिली.

त्यात विरळणी आली. घडातले मणी कात्रीनं कमी करायचे, डोक्यावरच्या मांडवात दिवसभर हात वर धरून. या कामात गावातली कुठलीही बाई माझ्या पुढे जात नाही, आणि बायांच्या टोळीत माझी जागा कायम पहिल्या ओळीला. घरी बसवेना आणि हात वर करता येईना, म्हणजे करता येत होता पण करायचा नव्हता. मी बागेत जाऊन बांधावर तळमळत उभी राहिले. हे कुठूनतरी प्लास्टिकचा क्रेट घेऊन आले, उपडा ठेवला आणि म्हणाले, "याच्यावर उभी राहा. हात वर न्यायला नको."

क्रेटवर चढले तर घड छातीशी आले, हे खरं, पण डोकं मांडवाच्या वर गेलं. खाली सगळ्या बाया, आणि वर पानांच्या हिरव्या पसरटीतून एकटं माझं मुंडकं बाहेर, कोवळ्या उन्हात. लांबून जाऊ ओरडली, "अगं बाई, तुला फुटवा आला का काय!" खाली माझे हात न बघताच मणी छाटत होते. क्रेट पुढे सरकवायला हे स्वतः वाकून थांबले होते, पूर्वी ज्यांना वाकता येत नव्हतं ते. दोनदा माझी वेणी तारेत अडकली आणि दोनदा यांनी ती सोडवली. असली विरळणी नाशिक जिल्ह्यात कोणी केली नसेल, आणि मला ती आवडली हे मी कोणाला सांगणार होते?

डिसेंबर संपला. एक तारखेला पहाटे मी स्वयंपाकघरात आले. हे अजून मोरीत हात धूत होते, नेहमीसारखे कोपरापर्यंत. थंडीनं खिडकीची काच पांढरी झाली होती. भिंतीवर अजून जुन्या वर्षाचं कॅलेंडर होतं. घरातलं कॅलेंडर कायम मीच बदलते, ती माझी सवय. मी विचार न करता हात वर केला आणि ते खिळ्यावरून काढायला उचललं.

कॅलेंडरमागे, भिंतीवर, पिवळी बोटं होती. ओल्या हळदीची. खालून वर मुंग्यांच्या रांगेसारखी चढत गेलेली, दोन दोन, दोन दोन, आणि शेवटी अख्खा पंजा. शेजारी कोणीतरी ती ओल्या फडक्यानं पुसून बघितल्याची खूण होती. हळद पुसली जात नाही. फिकट होते आणि पसरते. मग त्यावर कॅलेंडर आलं होतं.

पंजाच्या टोकाशी पेन्सिलीची बारीक रेघ होती. बाजूला तारीख. बाग अठ्ठेचाळिसावा, खांदा अडतिसावा.

म्हणजे त्याच दिवशी. आणि त्यानंतर महिनाभर हा माणूस रोज पहाटे माझ्याशेजारी उभा राहून, माझं "आई गं" ऐकून, खालच्या खोट्या जागी रेघ मारत आला होता. बागेत क्रेट आणून देत होता.

मागे पावलं वाजली. मी वळले. हे कंगवा घेऊन दारात उभे होते आणि माझ्या हाताकडे बघत होते. हात सरळ वर होता, कॅलेंडर धरून, कान झाकून टाकेल इतका वर.

मी कॅलेंडर सोडलं. हात हळूहळू खाली आणला आणि छातीशी धरला.

"दुखतंय?" यांनी विचारलं.

"लय," मी म्हणाले.

"मग बस."

मी स्टुलावर बसले. यांनी केस सोडले, तीन भाग केले आणि पहिला पेड घेतला.